एकच एफडी, शिकणारे दोघे: मुलाचा डिप्लोमा की आईचा आयटीआय?

दारव्हा तालुक्यातून (जि. यवतमाळ) एका ताईंनी विचारलं आहे: पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि सोयाबीन. पीककर्ज ९०,००० रुपये, एफडी १,८०,००० ची. मुलगा दहावी झाला; त्याला नागपूरच्या खाजगी कॉलेजात इलेक्ट्रिकल डिप्लोमा करायचा आहे. फी, खोली, मेस मिळून वर्षाला १,२०,०००. ताई ३६ वर्षांच्या, दहावी पास, घरी ब्लाउज शिवतात आणि ३०० रुपये रोजाने मजुरीला जातात. त्यांना तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये शिलाईचा एक वर्षाचा कोर्स करायचा होता. "मुलासाठी एफडी मोडून सोन्याची पोत गहाण ठेवू का? माझं शिकणं राहू दिलेलं बरं ना?"

ताई, पोत घरातच राहू द्या. आणि तुमचं शिकणं राहू देऊ नका.

मुलाचा हिशेब आधी. तीन वर्षांचे ३,६०,००० होतात. एफडी अर्ध्यातच संपेल, उरलेलं सोन्यावर आणि कर्जावर येईल. त्यात एखाद्या वर्षी बोंडअळी आली किंवा सोयाबीन काढणीच्या वेळी पाऊस झाला, तर फीचा हप्ता आणि पीककर्ज एकदमच समोर उभे राहतील. पीककर्ज थकू देऊ नका. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येतं. थकलं की सवलत जाते, पुढच्या हंगामाचं कर्ज अडतं आणि माणूस सावकाराच्या दारात जातो. म्हणून एफडीतले ९०,००० या कर्जाच्या नावाचे समजा. त्यांना कुणाच्याच फीसाठी हात लावू नका.

मुलाला घरून येणंजाणं करून आयटीआयचा इलेक्ट्रिशियन ट्रेड करू द्या. दोन वर्षांचा आहे. एसटीच्या विद्यार्थी पासावर ६६ टक्क्यांहून जास्त सवलत मिळते, खोली-मेसचा खर्च वाचतो. तो पास झाला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे, तेव्हा यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनासाठीही प्रयत्न करता येईल. वर्ष एक जास्त जाईल हे खरं. पण मध्येच पैसे संपले तरी हातात ट्रेडचं प्रमाणपत्र असेल, त्यावर विद्यावेतन मिळणारी अप्रेंटिसशिप करता येईल. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीतही हे प्रमाणपत्र चालतं. अर्धवट सुटलेल्या डिप्लोम्याला मात्र बाजारात काहीच किंमत नाही. मुलगा नाराज होईल. त्याला हे आकडे कागदावर मांडून दाखवा. सोळा वर्षांच्या पोराला हिशेब कळतो.

आता तुमचं. आयटीआयला १४ वर्षं ही किमान वयाची अट आहे. वरची मर्यादा शिलाईच्या ट्रेडला नाही, त्यामुळे वयाचं मनातून काढून टाका. शासकीय संस्थेची फी तुमच्या आवाक्यातली आहे. तुमचा खरा खर्च म्हणजे बुडणारी मजुरी. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, म्हणजे निंदणाच्या आणि वेचणीच्या दिवसांतही वर्गात बसावं लागेल. तुम्ही लिहिलेल्या ३०० रुपये रोजाने शंभरेक दिवसांचे ३०,००० जातील. शिवाय स्वतःच्या वावरातला कापूस किलोच्या दराने वेचून घ्यावा लागेल, तोही खर्च धरा. तरीसुद्धा मी हो म्हणतो. कोर्सनंतर शिलाईतून महिन्याला अडीच हजार जास्त आले तरी वर्षभरात बुडालेली मजुरी भरून निघते. ब्लाउजपुढे कटिंग, पॅटर्न, ड्रेस, शाळेचे गणवेश असं काम वाढवता आलं तर एवढं जड नाही. मशीन तुमच्याकडे आहेच. या घरात सर्वांत लवकर परत येणारा पैसा तुमच्या शिक्षणात घातलेलाच असेल, आणि तुम्ही मात्र सगळ्यांत आधी तोच खर्च कापायला निघालात, याचं मला वाईट वाटतं.

एफडी एकाच पावतीवर असेल तर एकदाच मोडून तीन करा. बँक साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापेल, ते चालेल. ९०,००० पीककर्जाचे. ४०,००० बचत खात्यात: दोघांची फी, पास, गणवेश, अवजारं. उरलेल्या ५०,००० ची मुलाच्या डिप्लोमासाठी दोन वर्षांची एफडी. मधेच अडचण आली तर ती मोडण्यापेक्षा तिच्यावर बँकेकडून कर्ज घ्या. एफडीच्या व्याजापेक्षा एखाद-दोन टक्केच जास्त पडतं आणि सोनं गहाण पडत नाही.

एक काम लगेच करा. तुमची दहावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाने असेल, आधार सासरच्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्र नसेल तर ग्रामपंचायतीत आजच विचारा. मुलाच्या जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतूत जालच, तेव्हा तुमचेही कागद सोबत न्या. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तेच लागतात.