रंगशंका: ओल्या रस्त्याचं तळं होतंय

प्रश्न: इंग्रज चित्रकार जॉन ॲटकिन्सन ग्रिमशॉ यांचं लिव्हरपूलच्या धक्क्याचं चांदण्या रात्रीचं चित्र (१८८७, ब्रिटनच्या टेट कलासंग्रहातलं) पाहून जलरंगात सराव करतेय. एका बाजूला दुकानांचे दिवे, दुसरीकडे जहाजांच्या डोलकाठ्या, मध्ये ओला रस्ता. माझा रस्ता मात्र तळ्यासारखा दिसतो. शिवाय मे महिन्यात वॉश (पातळ रंगाचा सलग हात) पुरा व्हायच्या आत कागद वाळतो. काय करू?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर: तळं होतं ते चमक सगळीकडे सारखीच दिल्यामुळे. ओल्या रस्त्याकडे नजर जितकी तिरपी, तितका तो जास्त चमकतो. म्हणून दूरचा रस्ता आकाशाच्या रंगाकडे झुकतो आणि पायाजवळचा आपल्याच गडद रंगात राहतो. खालची दोन इंच पट्टी अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या दाट मिश्रणात ठेवा, वर जाताना पाणी वाढवत न्या.

दिव्याचं प्रतिबिंब दिव्याच्या थेट खाली, उभंच पडतं; रस्ता कुठेही वळो. ओबडधोबड रस्त्यावर ते बघणाऱ्याकडे लांबत येतं, पण रुंद फारसं होत नाही. ते दिव्यापेक्षा थोडं मंद हवं, आणि काळ्या डोलकाठीचं मात्र काठीपेक्षा फिकं. आता रस्त्यावरच्या चाकोऱ्या, म्हणजे चाकांच्या खुणा: त्या लांब कुठेतरी एका बिंदूकडे धावतात. उभं प्रतिबिंब चाकोरीला जिथे भेटतं, तिथे ते तुटलं पाहिजे, किंचित बाजूला सरकलं पाहिजे. एवढं एक केलंत तरी पाण्याचा रस्ता होतो. बहुतेकांचं इथेच हुकतं, कारण प्रतिबिंब एका दमात वरून खाली ओढलं जातं.

कागद ३०० जीएसएमचा (जाडसर) कोल्ड प्रेस, म्हणजे किंचित खरखरीत पृष्ठभागाचा घ्या. पाच-सात मिनिटं पाण्यात भिजवून बोर्डवर ताणा आणि चारही कडा गमटेपने (ओली करून चिकटवायच्या कागदी पट्टीने) चिकटवा. दिव्यांच्या जागी आधी पातळ पिवळा द्या, पूर्ण वाळू द्या, मगच मास्किंग फ्लुइड (रंग लागू नये म्हणून लावायचा, नंतर सोलून काढायचा रबरी द्रव). ब्रश आधी साबणात बुडवून घ्या, नाहीतर तो गेलाच म्हणून समजा. आपल्याकडच्या उन्हात हे फ्लुइड कागदात मुरतं आणि काढताना पापुद्रा निघतो. म्हणून बोर्ड उन्हात वाळवू नका, काम त्याच दिवशी संपवा.

कूलरचा झोत बोर्डवर येऊ देऊ नका, एक कड आधी वाळते. पंखा बंद, वेळ पहाटेची. वाटीभर पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब चालतील. जास्त झाले तर रंग दिवसभर चिकट राहतो. वॉश अर्धवट वाळला असताना भरलेला ब्रश लावला की पाणी रंगाला ढकलतं आणि कडेवर खरखरीत डाग उठतो. तो पुसत बसू नका. पूर्ण वाळू द्या, मग ओलसर चपट्या ब्रशने उचला.

प्रश्न: रात्रीसाठी ट्यूबमधला काळा वापरावा का?
– एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर: जलरंगात टाळा; त्याने पिवळे दिवे मळकट होतात. वरच्याच अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनात निळा थोडा जास्त घेतला की रात्रीचा गडदपणा येतो. ग्रिमशॉ तैलरंगातले, पण आकाश त्यांनीही निव्वळ काळं ठेवलेलं नाही, हिरवट झाक आहे. ती हवी असेल तर वाळलेल्या आकाशावर व्हिरिडियनचा (निळसर हिरव्याचा) अगदी पातळ हात फिरवा, तोही एकदाच.