पाणी चढायच्या आधी करायची यादी

प्रिय,

गावच्या आपत्ती समितीत तुझं नाव घातलंय आणि पूर आला की नेमकं काय करायचं, असं तू विचारलंस. पूर आल्यावर करण्यासारखं फार थोडं उरतं. कृष्णाकाठच्या गावानं खरं काम जूनमध्ये, रस्ता कोरडा असताना उरकायचं असतं. एनडीआरएफचे (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे) जवान बोट घेऊन येतील, पण कुठल्या गल्लीत, कुठल्या माडीवर कोण अंथरुणाला खिळून आहे, हे त्यांना गावानंच सांगावं लागतं.

म्हणून आधी यादी कर, आणि ती रेशनकार्डावरून नको, चुलीवरून कर. एका कार्डावर तीन-तीन चुली असतात. भाडेकरू आणि बाहेरच्या राज्यातले कामगार यांची कार्डं तर गावात नसतातच. प्रत्येक चुलीपुढे लिही: माणसं किती, गरोदर बाई असेल तर तिची तारीख, इन्सुलिन किंवा डायलिसिसवर कोण आहे, एकटं म्हातारं माणूस कुठं राहतं, जनावरं किती आणि ती कुणाच्या मळ्यात जाणार. हे आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला सोबत घेऊन कर. त्यांना घराच्या आतलं माहीत असतं. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहाय्यक’, म्हणजे सरकार आणि गाव यांच्यातला दुवा, म्हणून नेमलं होतं, त्यामागंही हाच विचार होता.

जनावरांचा रकाना कधीही गाळू नकोस. 2019 च्या पुरात अनेक जण घर सोडायला तयार नव्हते ते गोठ्यापायी. मोठ्या जनावराला दिवसाला 15 ते 20 किलो ओली वैरण लागते. वैरणीची आणि दाव्याची सोय आधी सांगितलीस तर माणूस आपणहून निघतो.

लोक न निघण्याचं दुसरं कारण जुन्या खुणेचं. ‘2005 ला पाणी इथवर आलं होतं, त्याच्या वर येत नाही,’ या भरवशावर लोक थांबले, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. तिथं 40 फूट ही इशारा पातळी आणि 45 फूट ही धोका पातळी. पण हे आकडे पुलाचे. 40 ला आपल्या ओढ्यावरचा रस्ता बंद होतो का, 45 ला कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, हे तुझं तुलाच जुळवावं लागेल. ऑइल पेंटचा डबा घे आणि शाळेच्या भिंतीवर, विजेच्या खांबांवर 2005, 2019 आणि 2021 च्या पुराच्या रेघा मार. प्रत्येक रेघेशेजारी पुलाचे फूट लिही. मग निर्णय सोपा होतो: रस्ता बुडायच्या दोन-तीन फूट आधी त्या वस्तीनं निघायचं, ट्रॅक्टर-ट्रॉलीनं, आणि दिवसाउजेडी. कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी आली की फुटांची वाटही बघू नकोस.

बोट लागली याचा अर्थ निघायला उशीर झाला. 8 ऑगस्ट 2019 ला ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली बोट उलटली आणि माणसं गेली. बोटीच्या कडेला किती माणसं न्यायची तो आकडा ठळक रंगव. जितकी जॅकेटं तितकीच माणसं, मग कितीही आरडाओरडा होऊ दे. पहिल्या फेरीत कोण, ते यादीवरून ठरव. बोट सुटायच्या आधी लाइनमनकडून डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) बंद झाल्याची खात्री कर. पाण्याखालच्या तारा दिसत नाहीत, आणि उसाचा पाला पंख्यात अडकला की इंजिन बंद पडून बोट धारेला लागते.

निवाऱ्याचं गणित सोपं आहे. माणशी दिवसाला 15 लिटर पाणी धर. 300 माणसांना साडेचार हजार लिटर, म्हणजे रोज पाच हजारांचा एक टँकर. शौचालय सुरुवातीला 50 जणांमागं एक, मुक्काम लांबला तर 20 जणांमागं एक. बायकांची वेगळी हवीत, आतून कडी आणि वाटेवर दिवा असलेली. अंधारात जावं लागू नये म्हणून बायका पाणी पिणंच कमी करतात.

पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला 5 ग्रॅम. ती कोरडी टाकू नकोस, गोळे होऊन तळाशी बसतात. बादलीत कालव, निवळू दे, वरचं पाणी टाकीत ओत, ढवळ आणि अर्धा तास थांब. मग शेवटच्या नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट घे, पाण्यात क्लोरीन उरलाय का ते तिच्यात कळतं. पिवळा रंग आला नाही तर पोतं उघडं राहून पावडर मेलेली असते किंवा पाणी गढूळ असतं. गढूळ पाणी आधी तुरटीनं निवळ.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुण्या-मुंबईचे मदतीचे टेम्पो येतात. हायवेकडेची गावं भरतात, आतली तशीच राहतात. 2016 ला इस्तंबूलच्या मानवतावादी शिखर परिषदेत मोठ्या देणगीदारांनी चौथा हिस्सा मदत शक्य तितकी थेट स्थानिकांकडे देण्याचं कबूल केलं होतं. तुझ्या दारातल्या टेम्पोलाही तोच नियम लाव: काय हवं ते गाव सांगेल. रोज सकाळी तारीख-वेळ घालून गरजेची यादी पाठव: खराटे, फावडी, गमबूट, फिनेल, ताडपत्री, पातेली. ‘जुने कपडे नकोत’ हे स्पष्ट लिही, ते चिखलात कुजतात आणि उचलायला पुन्हा माणसं लागतात. टेम्पोवरून वाटप कधीच नको. दणकट पोरं पुढं होतात आणि गावाबाहेरच्या वस्तीला रिकाम्या हातानं परतावं लागतं. माल खोलीत उतरव, चुलीमागं एक कुपन आदल्या रात्री घरपोच दे, आणि सर्वांत सखल वस्तीला पहिली वेळ दे.

पाणी ओसरलं की लोक लगेच घर धुवायला घेतात. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा, घरातल्या चिखलाचा आणि मेलेल्या जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा फोटो आधी काढायला लाव. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत खूण पुसलेली असते आणि मग वाद होतो.

पुराच्या रेघा रंगवायला जाताना गावातल्या दोन-तीन जुन्या माणसांना सोबत ने. 2005 ची रेघ कुठं होती ते त्यांनाच नक्की दाखवता येईल.