बेघर व्यक्तींना सिगारेट सोडायला सांगणे योग्य आहे का, आणि मदत नेमकी कशी करावी?

तुम्ही रात्रनिवाऱ्यात काम करता आणि विचारता की, ज्यांच्याकडे पाठ टेकायला हक्काची जागा नाही, त्यांच्या हातातली सिगारेटही काढून घ्यायला सांगणे निर्दयपणाचे नाही का. आणि तसे नसेल, तर सुरुवात कोठून करावी. निवाऱ्यांमध्ये फिरणाऱ्या एका आरोग्य पथकात मी बरीच वर्षे समुपदेशक म्हणून काम केले आहे. त्या अनुभवावरून लिहितो.

आधी एक दुरुस्ती. सोडायला सांगायचे नाही, सोडावीशी वाटते का, हे विचारायचे. मला बहुतेक वेळा "वाटते, पण जमत नाही" असेच उत्तर मिळाले, आणि त्यांपैकी कित्येकांनी आधी एकदा तरी कोणाच्याही मदतीशिवाय प्रयत्न केलेला होता. डॉक्टर, कार्यकर्ते, नातेवाईक यांनी त्यांना दारूविषयी, कामाविषयी, कागदपत्रांविषयी विचारले होते. सिगारेटविषयी मात्र कोणी विचारले नव्हते, कारण सगळ्यांनी तुमच्यासारखाच चांगल्या मनाने विचार केला होता की एवढा एक आधार तरी राहू द्यावा.

हा आधार खरा किती, हे पाहिले पाहिजे. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते आणि माणूस बेचैन होतो, चिडचिडा होतो. पुढची सिगारेट ती बेचैनी शमवते आणि आपल्याला वाटते की तिने दुःख हलके केले. सोडल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात, त्रास दोन ते चार आठवडे टिकतो. पण तो काळ ओलांडलेल्यांमध्ये चिंता आणि उदासी वाढण्याऐवजी कमी झालेली आढळते. तरीही रस्त्यावर सिगारेट इतरही कामे करते, हे मी नाकारत नाही. ती भूक मारते, सामानाची राखण करताना रात्र जागवते, आणि अनोळखी माणसाशी बोलण्याचे निमित्तही होते. कोणासाठी ती कोणते काम करते, हे समजून घेतल्याशिवाय दिलेला सल्ला वाया जातो.

माझी एक चूक सांगतो. पन्नाशीचे एक गृहस्थ होते. रस्त्यावरची थोटके वेचून ते काडेपेटीत नीट रचून ठेवत, लांब थोटके एका बाजूला, आखूड दुसऱ्या बाजूला. "मी दिवसाला तीन-चारच ओढतो," असे ते म्हणाले आणि मी त्यांचे व्यसन हलके समजलो. पैशांअभावी कमी ओढणारा माणूस प्रत्येक झुरका खोल घेतो आणि बोट भाजेपर्यंत सोडत नाही. त्यामुळे सिगारेटींची संख्या फसवी असते. खरा प्रश्न असा की, उठल्यावर पहिली किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर तलफ तीव्र आहे आणि तलफ शमवण्यासाठी धुराविना निकोटिन देणाऱ्या गोळ्या 2 नव्हे, 4 मिलिग्रॅमच्या हव्यात. मी त्यांना चार आठवड्यांचे निकोटिन पॅच, म्हणजे कातडीतून हळूहळू निकोटिन देणाऱ्या पट्ट्या, एकदम दिले आणि पुढच्या आठवड्यात या म्हणालो. तिसऱ्या दिवशी त्यांची पिशवी चोरीला गेली. ते सांगायला आले नाहीत. पॅच विकले असा मी संशय घेईन, अशी त्यांना भीती होती, हे मला दोन महिन्यांनी कळले.

तेव्हापासून आमचा साठा निवाऱ्याच्या कपाटात असतो आणि पॅच रोज सकाळी, अंग धुतल्यावर दिला जातो. घामट किंवा मळलेल्या कातडीवर तो टिकत नाही, म्हणून दंड किंवा पाठीचा वरचा भाग कोरडा करून, रोज जागा बदलून लावावा. रात्री विचित्र स्वप्ने पडत असतील तर झोपताना काढावा. निवाऱ्यात झोप आधीच दुर्मीळ असते. पॅचचा परिणाम संथ असतो, त्यामुळे अचानक येणाऱ्या तलफेसाठी च्युइंग गम किंवा चघळायची गोळी सोबत द्यावी. दोन्ही मिळून एकट्या पॅचपेक्षा जास्त उपयोग होतो. गम देण्याआधी तोंड पाहा. हलणारे दात असलेल्या माणसाला गम देणे म्हणजे न देण्यासारखेच आहे, त्याला गोळी द्यावी. गम भराभर चावायचा नसतो. थोडा चावून गालात धरून ठेवायचा असतो, नाहीतर उचक्या लागतात आणि पोटात जळजळते.

डॉक्टर व्हॅरेनिक्लिन हे सिगारेट सोडायला मदत करणारे औषधही देऊ शकतात. मानसिक आजार असलेल्यांना ते धोकादायक आहे अशी भीती पूर्वी होती. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 8,144 जणांच्या चाचणीत, ज्यांतील निम्म्यांना मानसिक आजार होता, गंभीर मानसिक दुष्परिणामांत लक्षणीय वाढ आढळली नाही. एक गोष्ट मात्र विसरू नका: धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही मानसिक आजारांवरची औषधे शरीरात लवकर विघटित होतात, त्यामुळे धूम्रपान थांबताच त्यांची रक्तातली पातळी वाढते. ती घेणाऱ्याच्या डॉक्टरांना आधीच कळवावे. "आधी दारू सुटू दे, मग सिगारेटचे बघू" हा सल्ला मात्र मला पटत नाही. दोन्हींवर एकाच वेळी उपचार केल्याने दारू सोडण्यात अडथळा येतो असे दिसत नाही.

यश किती मिळेल, तेही प्रामाणिकपणे सांगतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 430 बेघर धूम्रपान करणाऱ्यांना पॅच दिले आणि अर्ध्यांशी प्रेरणा वाढवणारे संभाषणही केले. 26 आठवड्यांनी सिगारेटपासून दूर राहिलेले संभाषण झालेल्यांत 9.3 आणि बाकीच्यांत 5.6 टक्के होते, आणि हा फरकही संख्याशास्त्रानुसार ठोस ठरला नाही. या आकड्यांकडे पाहून हात आखडता घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. झोपायची जागा हातची गेली, शेजारच्याने पेटवून पुढे केली, की माणूस पुन्हा ओढतो. अशा दिवशी पॅच काढून घेऊ नका, रागावू नका. पॅच असताना एखादी सिगारेट ओढली गेली तरी उपचार चालूच ठेवायचा असतो. श्वासातला कार्बन मोनॉक्साईड मोजणारे यंत्र मिळाले तर जरूर वापरा. एक-दोन दिवसांतच आकडा खाली येतो, आणि जिला वर्षानुवर्षे कोणी चांगले म्हटलेले नाही, ती व्यक्ती तो आकडा शेजारच्याला बोलावून दाखवते.

निवाऱ्याच्या दारातच धूम्रपानाचा कोपरा असेल तर तो हलवा, कारण नुकतीच सोडलेल्या माणसाला दिवसातून दहा वेळा त्या धुरातून जावे लागते. कर्मचाऱ्यांनीही रहिवाशांबरोबर उभे राहून ओढणे थांबवावे आणि त्यांपैकी ज्यांना सोडायची असेल त्यांनाही तेच औषध मिळावे. आणि गोळ्यांच्या कपाटाची एक किल्ली रात्रपाळीच्या माणसाकडे ठेवा. तलफ बहुधा दोन-तीन वाजता जाग आल्यावर येते आणि तेव्हा दिवसपाळीचे आम्ही कोणीच तेथे नसतो.