बारा लाख आणि परमनंट, दोन्ही एकदम मिळत नाहीत

खटाव तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा 19 वर्षांचा, अग्निवीर जीडीला (सैन्यातली चार वर्षांची भरती, जनरल ड्युटी) सिलेक्ट झालाय, पुढच्या महिन्यात बेळगावला मराठा सेंटरला, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या ट्रेनिंग केंद्रात, रिपोर्ट करायचंय. हातात 21 हजार येणार, त्यातले महिन्याला 5 हजार जातील अशी पॉलिसी ओळखीच्या एजंटने काढून दिलीय, 15 वर्षं हप्ता आणि 20 वर्षांनी पैसे, कागद गेल्याच आठवड्यात घरी आले. विचारतायत, ही पॉलिसी बरी की एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठराविक रक्कम?

आणि मग शेवटी, जाता जाता दोन ओळी. घरावर स्लॅब टाकायला पतसंस्थेचं 5 लाखांचं कर्ज 14 टक्क्यांनी मंजूर झालंय, 2 लाख उचलले, दरवर्षी नवं-जुनं करत राहू आणि चार वर्षांनी पोराचे 12 लाख आले की एकदम फेडू, तोवर तो परमनंट होईलच, चुलता हवालदार होऊन रिटायर झालाय, पेन्शन खातोय.

दादा, पोराचं अभिनंदन. पण तुमचा प्रश्न एका बाजूला ठेवतो, कारण खरा घोळ त्या दोन ओळींत आहे.

तुम्ही 12 लाख पण धरलेत आणि परमनंट पण धरलंय. ते दोन्ही एकत्र येत नाहीत! ते 12 लाख म्हणजे चार वर्षांनी मिळणारा सेवा निधी, तो कसा जमतो ते बघा. पहिल्या वर्षी पॅकेज 30 हजार, त्यातले 9 हजार कापून निधीत जातात म्हणून हातात 21. चौथ्या वर्षी पॅकेज 40 हजार, कापतात 12, हातात 28. चार वर्षांत पोराच्या पगारातून कापले जातात साधारण 5 लाख, तेवढेच सरकार घालतं, वर व्याज, असे मिळून 11.71 लाख होतील असं योजना आली तेव्हा सरकारने सांगितलं होतं. त्यातला निम्मा पैसा पोराच्याच घामाचा आहे, बक्षीस नव्हे. आणि जो पोरगा चार वर्षांनी रेग्युलर केडरमध्ये, म्हणजे परमनंट, घेतला जातो त्याला फक्त स्वतःचा वाटा आणि त्यावरचं व्याज मिळतं, सरकारचा वाटा नाही. म्हणजे पावणेसहा-सहा लाख. हे नियमातच लिहिलंय, पण गावात कोणी सांगत नाही कारण 12 लाख हा आकडा ऐकायला गोड लागतो.

आता तुमचं कर्ज. 5 लाख, 14 टक्के, दरवर्षी नवं-जुनं म्हणजे व्याज मुद्दलात जाणार आणि पुढच्या वर्षी व्याजावर व्याज. चार वर्षांनी साधारण साडेआठ लाख. पोरगा परमनंट झाला तर हातात सहा लाखांच्या आत आणि पतसंस्थेचे साडेआठ, म्हणजे अडीच लाख अंगावर. नाही झाला तर पावणेबारातून साडेआठ वजा, उरले सव्वातीन लाख, वय 23, नोकरी नाही आणि डोक्यावर नवा स्लॅब. दोन्हीकडून तुम्हीच मार खाताय. आणि तिसरी शक्यता, ट्रेनिंग झेपलं नाही, पाय मोडला, मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं, तर पूर्ण 12 लाखांचा हिशोबच संपला. असं होऊ नये, पण कर्ज काढताना हे धरावं लागतं.

परमनंटचं म्हणाल तर नियम 25 टक्क्यांपर्यंत घेण्याचा आहे. शंभरातले 75 घरी. हा आकडा वाढणार अशी चर्चा अधूनमधून येते, आदेश हातात येईल त्या दिवशी आनंद करू, आज त्यावर स्लॅब टाकायचा नाही. चुलत्याची भरती वेगळ्या जमान्यातली, त्यांना पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांची दवाखान्याची योजना आहे. अग्निवीर चार वर्षांनी बाहेर पडला तर पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पोरगा हुशार असेल, पळायला एक नंबर असेल, तरी तुमचं प्लॅनिंग त्या 75 मध्ये असल्यासारखंच करा.

तो पैसा खरा कशाला लागणार ते सांगतो. पाचव्या वर्षाला. पोरगा परत येईल तेव्हा निमलष्करी दलांतल्या माजी अग्निवीरांच्या राखीव जागांसाठी फॉर्म भरेल, पोलीस भरतीचा अभ्यास करेल, नाहीतर डिग्री पूर्ण करेल, गाडी-धंदा काहीतरी टाकेल, त्यात वर्ष-दोन वर्षं सहज जातात आणि त्या काळात बाप महिन्याला पैसे देऊ शकत नसेल तर पोरगा मिळेल ती सिक्युरिटीची नोकरी धरतो. सेवा निधी म्हणजे त्या दोन वर्षांचा श्वास आहे, तो आजच गहाण टाकू नका.

काय करायचं मग? उरलेले 3 लाख उचलू नका, पतसंस्थेत जाऊन लेखी सांगा. उचललेल्या 2 लाखांचं नवं-जुनं बंद करून तीन वर्षांचा हप्ता बांधून घ्या, महिन्याला 6,800-7,000 येईल. दुधाच्या बिलातून 4 तुम्ही द्या, 3 पोरगा देईल, आणि तो चार वर्षांनी सुटायच्या आधी कर्ज संपलेलं असेल. स्लॅब अर्धवट राहील, पत्रा टाका, त्याने काही इज्जत जात नाही.

आता पॉलिसी. मला या एजंट लोकांचा खरंच कंटाळा आलाय, भरतीचा निकाल लागला की पेढ्यांच्या आधी हे दारात. चार वर्षांची नोकरी आणि 15 वर्षांचा हप्ता, ही बेरीज करताना त्याचा हात थरथरला नाही? चार वर्षांत 2 लाख 40 हजार भरणार, मग पगार बंद, हप्ता बंद, आणि सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी मोडली, की निम्म्याच्या आसपासची गॅरंटी, फार तर थोडं वर. सगळी वर्षं भरली तरी अशा पॉलिसीला साडेपाच-सहा टक्के सुटतात, बँकेच्या एफडीएवढे. विमा किती, तर 6 लाख. आणि पोराला नोकरीत असेपर्यंत 48 लाखांचं विमा कवच सरकार फुकट देतंय, एक रुपया न कापता. टॅक्स वाचेल असंही त्याने सांगितलं म्हणता, पण वर्षाला 3 लाख 60 हजारांच्या पॅकेजवर टॅक्स लागतोच कुठे!

तुमचं नशीब एवढंच की कागद गेल्या आठवड्यातच आलेत. पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, त्याला फ्री लूक म्हणतात, स्टॅम्प ड्युटी, मेडिकल आणि तेवढ्या दिवसांचा विमा असं किरकोळ कापून बाकी पैसे परत मिळतात. एजंटला फोन करू नका, तो म्हणेल थांबा मी येतो, आणि येईल एकतिसाव्या दिवशी. सरळ कंपनीच्या शाखेत अर्ज द्या, पोचवर शिक्का घ्या. पॉलिसी पोराच्या नावावर आहे म्हणजे सही त्याची लागणार, आणि तो एकदा सेंटरला गेला की सुरुवातीचे महिने फोनवरसुद्धा नीट भेटणार नाही, त्यामुळे हे तो निघायच्या आधीच उरका.

तिथे गेल्यावर काय, हेही थोडं सांगतो कारण खर्चाचा अंदाज त्यावरच बसतो. सहा-सात महिने ट्रेनिंग, पहाटे उठणं, पळणं, ड्रिल, फायरिंग, जेवण-राहणं सरकारचं. पैसा जातो तो रिचार्ज, साबण-पॉलिश, कॅन्टीन असल्या चिल्लर गोष्टींवर, महिन्याला 3-4 हजार पुरे. पुढे पोस्टिंग मिळाली की मित्र, मोबाईल, सुट्टीचा प्रवास, तेव्हा वाढेल. वर्षाला 30 दिवस सुट्टी, आणि सुट्टीवर आला की सगळे पाहुणे उसने मागायला येतील, त्याची तयारी ठेवा. चार वर्षं लग्न करता येत नाही हे तुम्हाला माहीत असेलच, म्हणजे तो खर्च तरी लगेच नाही. जाण्याआधी खात्याला नॉमिनी लावा आणि एटीएम कार्ड त्याच्याकडेच राहू द्या. गावात सरसकट बापाच्या खिशात असतं आणि मग पोराला चार वर्षांनी कळतं की खात्यात काहीच नाही.

राहिला एसआयपीचा प्रश्न. पतसंस्थेचे 3 हजार गेले की पहिल्या वर्षी तो आरामात 8 हजार बाजूला टाकू शकतो. त्यातले 6 बँकेच्या आरडीत, म्हणजे दरमहा भरायच्या ठेवीत, कारण चार वर्षांनी लागणारा पैसा शेअर बाजारात ठेवत नाहीत, 15 टक्के मिळतील असं कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर दाखवलं असेल तरी. उरलेले 2 हजार साध्या इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड), सात-आठ वर्षं हात लावायचा नाही या बोलीवर. घाई काहीच नाही, कसम परेड (ट्रेनिंग संपल्यावरची शपथ) होऊन पहिल्या सुट्टीवर आला की त्यालाच बसवून फॉर्म भरायला लावा.