सेंटर डिफरन्शियल गेलंय. सेकंडहँड टाकलं तर चालेल का? गिअरबॉक्स उतरवावा लागतो का?

सेंटर डिफरन्शियल म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग. तो गेलाय हे कशावरून ठरवलंत? वळताना गाडी अडते एवढ्यावरून असेल, तर आधी चारही टायरांना टेप गुंडाळून घेर मोजा.

माझ्या सुबारूचं डिफरन्शियल मीच मारलं, दादाचं ऐकून. मागचा एक टायर बगलेला फाटला होता. दादा म्हणाला, "मागची जोडी बदल, पुढचे अजून वर्षभर जातील." त्याच्या गाडीची ताकद दोनच चाकांना जाते, त्याला काय! पण नक्षीत ३ मिमी फरक पडला की घेरात जवळजवळ १९ मिमी पडतो. सुबारू हा फरक पाव इंचाच्या, म्हणजे सुमारे ६ मिमीच्या आत ठेवायला सांगते. नाहीतर सरळ रस्त्यावरसुद्धा डिफरन्शियलला जोडलेल्या व्हिस्कस कपलिंगमधल्या, म्हणजे घट्ट सिलिकॉन द्रवात बुडालेल्या, चकत्या घसरत राहतात, ते सिलिकॉन तापत राहतं आणि एक दिवस सगळं आवळून बसतं.

माझी गाडी सकाळी थंड असताना अगदी शहाण्यासारखी वागायची. तासभर चालवून पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवलं, की टायर ओरडत उड्या मारायचे. ॲक्सिलरेटर सोडला की हँडब्रेक ओढल्यासारखी जागीच थांबायची. गॅरेजवाल्याने क्लच बदलला. तेच! दादाचं निदान: "तुला वळवता येत नाही."

गिअरबॉक्स उतरवावा लागला नाही. माझ्या मॅन्युअल गाडीत सायलेन्सरचा पाइप, प्रॉपेलर शाफ्ट, गिअरची लिंकेज आणि मागचा क्रॉसमेंबर काढला, की मागचं कव्हर सुटतं आणि डिफरन्शियल हातात येतं. कव्हरच्या आत तेलाने चिकटलेली एक पातळ शिम (फट भरून काढणारी चकती) होती, पुसताना फडक्याबरोबर जवळजवळ गेलीच होती. ती जपा, पण डोळे मिटून परत बसवू नका. नव्या डिफरन्शियलला माप घेऊन जाडी ठरवायची असते. गिअर ऑइलही नवंच भरा.

सेकंडहँड? मी तरी नाही टाकणार. कपलिंग तापल्यावर दगा देतं, टेबलावर थंड फिरवून काय कळणार? आणि आधीच्या मालकाचाही कोणी दादा असेलच.

हो, तुमची गाडी ऑटोमॅटिक असेल तर उघडण्याबद्दलचं वरचं बरंचसं सोडून द्या. पुष्कळ ऑटोमॅटिकमध्ये तिथे डिफरन्शियल नसतंच, क्लच प्लेट असतात. लक्षणं मात्र हीच.

टायर चारही एकदम घ्या. दादा अजून म्हणतो, पार्टच कमजोर होता. टेप गुंडाळलेल्या दोन्ही टायरांचे फोटो त्याला पाठवलेत. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.