वाचकांचे प्रश्न : तक्रारीला आवक क्रमांक हवा

प्रश्न : मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका संलग्न महाविद्यालयात कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. प्रवेशाच्या वेळी दिलेल्या माहितीपुस्तिकेत मानसशास्त्र हा विषय मायनर (दुय्यम विषय) म्हणून घेता येईल, असे छापले होते. प्रत्यक्षात ‘शिक्षक नाहीत’ असे सांगून आम्हा सगळ्यांना एकच विषय देण्यात आला. ओपन इलेक्टिव्हच्या बास्केटमध्ये, म्हणजे आवडीने निवडायच्या विषयांच्या यादीत, आठ विषयांची नावे आहेत, पण वर्ग भरतो तो एकाचाच. एका विषयाला तासिका तत्त्वावरील मॅडम मिळाल्या त्या सत्र सुरू होऊन सात आठवडे झाल्यावर, त्यामुळे निम्मा अभ्यासक्रम झेरॉक्सच्या नोट्सवर उरकला. मागच्या सत्राचा निकाल तीन महिन्यांनी लागला. समुपदेशन केंद्राची पाटी आहे, पण दाराला कुलूप असते. प्राचार्यांना आम्ही दोनदा भेटलो, तेव्हा ‘विद्यापीठाला कळवतो’ एवढेच उत्तर मिळाले, आणि विद्यापीठात गेलो तर ‘महाविद्यालयामार्फत या’ असे सांगण्यात आले. अंतर्गत गुण महाविद्यालयाच्याच हातात असल्याने मैत्रिणी अर्जावर सही करायला घाबरतात. आम्ही काय करावे?
— एक विद्यार्थिनी, मराठवाडा

उत्तर : तुमच्या पत्रात पाच तक्रारी आहेत आणि, स्पष्ट लिहिल्याबद्दल क्षमा करा, नियमांच्या दृष्टीने त्यांतली एकही अजून तक्रार झालेली नाही. प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभ्या उभ्या झालेले बोलणे तुम्ही दाराबाहेर पडलात की संपते. तेच अर्जाच्या दोन प्रती काढून कार्यालयातील आवक-जावक टेबलावर द्या, एक प्रत त्यांच्याकडे राहू द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घालून घ्या. लिपिक ‘ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील’ असे म्हणतील, तरीही पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोच मिळतच नसेल, तर तोच अर्ज नोंदणीकृत टपालाने किंवा ई-मेलने पाठवा.

या शिक्क्याला एवढे महत्त्व का, तर पुढच्या सगळ्या मुदती त्यावरून मोजल्या जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे नवे विनियम लागू केले. त्यांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीने तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या १५ दिवसांत आपला अहवाल शिफारशींसह द्यायचा असतो आणि त्याची प्रत तक्रारदाराला मिळायला हवी. निर्णय पटला नाही, तर तो हाती आल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते, आणि लोकपालांनी ते ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, अशी अपेक्षा आहे. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश यांच्यापैकी कोणी असतात. समितीपुढे तुम्ही स्वतः जाऊ शकता किंवा प्रतिनिधी पाठवू शकता. ‘महाविद्यालयामार्फत या’ असे पुन्हा कोणी म्हणाले, तर त्यांच्याकडे समितीच्या सदस्यांची यादी आणि लोकपालांचे नाव मागा.

अर्ज लिहिताना ‘शिक्षणाचा दर्जा खालावला आहे’ असले वाक्य टाळा; त्यावर ‘नोंद घेतली’ एवढेच उत्तर येते. माहितीपुस्तिकेत खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती देणे आणि प्रवेशाच्या वेळी सांगितलेल्या दर्जाचे शिक्षण न देणे, या दोन्ही बाबी विनियमांतील तक्रारीच्या व्याख्येत येतात. तेव्हा पुस्तिकेचे ते पान सांभाळून ठेवा, त्याची प्रत अर्जाला जोडा आणि लिहा, “पृष्ठ अमुकवर मायनर विषय म्हणून मानसशास्त्राचा उल्लेख आहे, आम्ही अमुक तारखेला त्याची मागणी केली, तो विषय उपलब्ध नसल्याचे आम्हाला तोंडी सांगण्यात आले.” उशिरा सुरू झालेल्या विषयाचाही असाच हिशेब मांडा. लेखी विषयाचे एक क्रेडिट म्हणजे अध्यापनाचे १५ तास. विषय चार क्रेडिटचा असेल तर ६० तास झाले पाहिजेत, आणि आठवड्याला चार तास या हिशेबाने सात आठवड्यांत २८ तास बुडाले. ते जादा तासिका घेऊन भरून द्यावेत, ही मागणी कोणालाही सहज नाकारता येणार नाही.

बास्केटच्या बाबतीत मात्र थोडे सबुरीने घ्या. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाची पदवी रचना २०२४-२५ पासून आली. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य विषय, भारतीय ज्ञानप्रणाली असे रकाने वाढले, पण ते शिकवणारी माणसे त्या प्रमाणात वाढली नाहीत. रिक्त पदे तासिका तत्त्वावर भरून दिवस ढकलणे हे धोरणाच्या आधीपासूनचे दुखणे आहे, आणि प्राचार्य शिक्षक कुठून आणणार, हा प्रश्न खराच आहे. म्हणून माझ्या मते इथे दोषापेक्षा उपाय मागावा. आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम विद्यापीठाच्या मान्यतेने ‘स्वयम्’ या शासकीय ऑनलाइन मंचावरून करता येतात. मानसशास्त्र त्या मार्गाने द्यावे, किंवा गावातल्याच दुसऱ्या महाविद्यालयात तासांना बसू द्यावे, अशी मागणी करा. आठ नावे छापून एकच वर्ग भरवण्यापेक्षा दोनच छापावीत आणि दोन्ही शिकवावीत, हेही अर्जात लिहायला हरकत नाही.

निकालाबाबत तुमची बाजू भक्कम आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करायचा असतो, आणि कोणत्याही परिस्थितीत तो ४५ दिवसांच्या पुढे जाता कामा नये. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिकांच्या ऑनलाइन मूल्यांकनामुळे निकाल रखडले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले, हे अनेक वाचकांना आठवत असेल. गुणांविषयीच शंका असेल, तर माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हा हक्क मान्य केला आहे. केवळ पुनर्मूल्यांकनाची मागणी लोकपाल ऐकत नाहीत. त्यासाठी नेमकी अनियमितता किंवा भेदभावाचे उदाहरण दाखवावे लागते.

समुपदेशन केंद्राच्या कुलपाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण ती मला सर्वांत गंभीर वाटली. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षण संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे. या एका मुद्द्याचा अर्ज स्वतंत्र करा, म्हणजे तो बाकीच्या चारांत हरवणार नाही. दरम्यान तुमच्यापैकी कोणाला तातडीने बोलायचे असेल, तर टेलि-मानस ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे.

आता सहीची भीती. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. सर्वांनी मिळून एकच अर्ज करावा, नावे आडनावांच्या वर्णानुक्रमाने घालावीत, म्हणजे पुढाकार कोणाचा हे कागदावर दिसत नाही. जमा केलेल्या प्रत्येक असाइनमेंटचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि अंतर्गत गुण सत्रान्त परीक्षेआधी फलकावर लावावेत, हीही मागणी त्याच अर्जात घाला. एकदा गुण जाहीर झाले की ते मागाहून बदलणे अवघड जाते.

प्रश्न : मुलाने एका खासगी विद्यापीठात प्रवेश घेतला. जाहिरातीतली प्रयोगशाळा प्रत्यक्षात नव्हती, म्हणून महिन्याभरात त्याने प्रवेश रद्द केला. विद्यापीठ दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका देत नाही आणि उरलेले शुल्क मागते. ग्राहक न्यायालयात जावे का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : ग्राहक आयोगाच्या वाटेला तूर्त जाऊ नका. शिक्षण ही विक्रीची वस्तू नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले होते. पुढे हा प्रश्न पुन्हा त्याच न्यायालयात गेला. त्यामुळे तिथे तारखा पडत राहण्याची शक्यता जास्त.

मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार मात्र कोणत्याही विद्यापीठाला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनुसार ती प्रवेशाच्या वेळी तपासून लगेच परत करायची असतात, आणि खासगी विद्यापीठेही त्यातून सुटत नाहीत. शुल्क परतावा प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेवरून ठरतो. तिच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क, त्यानंतर पण अंतिम तारखेच्या आत ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के आणि ३० दिवसांपर्यंत ५० टक्के परत मिळतात. त्यापुढे काही नाही. आयोग काही वर्षी याहून सवलतीचे धोरण जाहीर करतो, तेव्हा त्या वर्षाचे परिपत्रक आधी पाहा. प्रवेश रद्द केल्याचा अर्ज कोणत्या तारखेचा आहे आणि त्याची पोच तुमच्याकडे आहे का, हे तुम्ही कळवलेले नाही. ती असेल तर तिच्या प्रतीसह तक्रार निवारण समितीकडे गुणपत्रिका आणि परतावा या दोन्हींची मागणी एकाच अर्जात करा. नसेल, तर प्रवेश रद्द केल्याचा ई-मेल आजच पाठवा, कारण परताव्याची टक्केवारी दिवसागणिक खाली येते.