मौनात चालायचं आणि मठात मुक्काम करायचा, तर कोयासानची जुनी वाट धरा

तुमचा प्रश्न मला असा समजला: नोव्हेंबरात कंपनीच्या कामासाठी ओसाकाला येताय, नंतरचे दोन-तीन दिवस मोकळे आहेत आणि वहिनीही सोबत आहेत. दोघांचं इगतपुरीचं विपश्यना शिबिर झालंय. आता बसून नाही, तर जंगलातून चालत मौन पाळायचंय आणि शेवटी एखाद्या मठात रात्र काढायचीय. त्यावर इतर दोघा जणांनी कुमानो कोदो, म्हणजे ओसाकाच्या दक्षिणेकडच्या डोंगरांतल्या जुन्या यात्रावाटा, सुचवलंय.

कुमानो मलाही प्रिय आहे, पण तुमच्या अटींत ते बसत नाही. तिथली सर्वात चालती वाट, नाकाहेची, होंगूच्या शिंतो देवस्थानापाशी संपते. वाटेतले मुक्काम घरगुती खानावळवजा घरांत असतात, मठ लागत नाही. कोयासानहून होंगूला जाणारी कोहेची म्हणजे सुमारे सत्तर किलोमीटर, हजार मीटरच्या वरच्या तीन खिंडी आणि चार दिवस. तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. म्हणून मी सुचवेन ती चोइशी-मिची: कुदोयामा गावातून कोयासानला चढणारी जुनी यात्रेची वाट. एका दिवसात होते, बहुतेक जंगलातूनच जाते आणि संपते ती थेट मठांच्या गावात.

कोयासान म्हणजे कुकाईने ८१६ साली उभारायला घेतलेलं शिंगोन बौद्ध पंथाचं पीठ. मरणोत्तर त्याला कोबो दाइशी म्हणतात आणि जपानमध्ये हे नाव ठाऊक नसलेला माणूस सापडणं कठीण. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटरवर, डोंगरांच्या मधल्या सपाटीवर हे गाव वसलंय. तिथे शंभराहून जास्त मंदिरं आहेत आणि त्यातल्या पन्नासेक मंदिरांत यात्रेकरूंना राहता येतं. २००४ मध्ये ही वाट आणि कोयासान जागतिक वारशाच्या यादीत गेले.

ही वाट मौनासाठी इतकी चांगली का, ते सांगते. पायथ्याच्या जिसोन-इन मंदिरापासून वरच्या दान्जो गारानपर्यंत, म्हणजे कोयासानच्या मुख्य मंदिरसंकुलापर्यंत, दर १०९ मीटरला एक दगडी खांब आहे, असे एकूण १८०. त्यापुढे ओकुनोइनपर्यंत, म्हणजे कुकाईच्या समाधीपर्यंत, आणखी ३६. पूर्वी इथे लाकडी खुणा होत्या. १२६५ ते १२८५ या वीस वर्षांत त्या जागी दगडी खांब आले आणि त्यातले बरेचसे आजही मूळचेच आहेत. माणसाच्या जवळपास दुप्पट उंची, आणि वरचा आकार पाच थरांचा: चौकोन पृथ्वीचा, गोल आपाचा, मग तेज, वायू आणि टोकाला आकाश. पंचमहाभूतं तुम्हा-आम्हाला समजावून सांगायची गरज नाही, त्यामुळे पहिल्याच खांबापाशी ओळख पटते. प्रत्येकावर एक बीजाक्षर कोरलंय, सिद्धम् लिपीत. ही लिपी आपल्या देवनागरीच्याच कुळातली. काही अक्षरं नीट पाहिली की लागतात. १८० खांब म्हणजे गर्भधातु मंडलातल्या, शिंगोन पंथाच्या देवतांच्या आराखड्यातल्या, १८० देवता.

आकडे उलटे उतरत जातात. खाली १८०, वर १. जपानी लिपीतले एक ते दहा आणि शंभर एवढे अंक आदल्या रात्री ट्रेनमध्ये पाठ करा, मग वाटेत कुणाला काही विचारावं लागत नाही आणि फोनही काढावा लागत नाही. मौन मोडतं ते गप्पांच्या मोहाने कमी आणि ‘अजून किती राहिलं?’, ‘इथून डावीकडे का?’ अशा प्रश्नांनी जास्त. या वाटेवर ती उत्तरं दगडांवरच लिहिलेली आहेत.

दोघांसाठी एक पद्धत सुचवते. बरोबरीने चालू नका. एकाने पुढे जायचं, दुसऱ्याने साधारण एका खांबाचं अंतर ठेवायचं, आणि दर दहाव्या खांबापाशी पुढच्याने थांबायचं. पाणी, स्वच्छतागृह, दुखतंय आणि ‘थांब’ एवढ्या चार गोष्टींच्या हातखुणा आधी ठरवा. समोरून कुणी आलं तर ‘कोन्निचिवा’ म्हणतं, त्याला तोंडाने उत्तर द्या. शिबिरातलं आर्य मौन इथे जसंच्या तसं आणू नका. डोंगरात कुणी नमस्कार केल्यावर मान खाली घालून निघून जाणं मला उद्धटपणाच वाटतो, साधना कितीही मोठी असो. आणि पाठपिशवीला छोटी घंटा बांधा. कीई द्वीपकल्पात, म्हणजे या सगळ्या भागात, अस्वलं थोडी आहेत, पण आहेत, रानडुकरंही आहेत. दिवसभर किणकिण ऐकून मौन कसलं, असं सुरुवातीला वाटतं. तासाभराने ती कानावरून जायला लागते.

आता प्रत्यक्ष वाट. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नान्काई कोया लाइनने कुदोयामा, तासाभराहून थोडं जास्त. हाशिमोतोला गाडी बदलावी लागू शकते. नोव्हेंबरात पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो आणि सुगीच्या उंच झाडांखाली त्याआधीच काळोख होतो. म्हणून पहिल्या गाड्यांपैकी एक पकडून आठच्या आत चालायला लागा, किंवा आदल्या रात्री हाशिमोतोला राहा. मोठ्या बॅगा ओसाकालाच ठेवा. वरच्या महाद्वारापर्यंत, म्हणजे दाइमोनपर्यंत, थांबत-बसत सात तास धरा. पायथा आणि माथा यांच्या उंचीतला फरक सात-आठशे मीटरचा. सिंहगड चढणाऱ्याला झेपेल, पण अंतर वीस किलोमीटर आहे हे विसरू नका.

स्टेशनापासून जिसोन-इन वीस-पंचवीस मिनिटं. इथे घाई करू नका. कोयासानवर बायकांना बंदी होती, सरकारने ती १८७२ साली उठवली. त्या बंदीमुळे कुकाईची आईसुद्धा वर जाऊ शकली नव्हती. ती सुदूर शिकोकू बेटावरून मुलाला भेटायला आली आणि पायथ्याशी इथेच राहिली. मुलगा महिन्यातून नऊ वेळा डोंगर उतरून तिला भेटायला यायचा, अशी कथा आहे. बायका बाळंतपणासाठी आणि स्तनांच्या आजारासाठी इथे नवस बोलतात. कापडी स्तन चिकटवलेल्या पाट्या टांगलेल्या दिसतील, बिचकू नका. वहिनींना हे आधी सांगून ठेवा. मला तरी वरच्या कुठल्याही भव्य देवळापेक्षा या लहान मंदिरातून निघताना जास्त काही वाटतं, आणि थोडा रागही येतो. आवारात एका पांढऱ्या कुत्र्याचा पुतळा आहे, गोन नावाचा. हा कुत्रा वर्षानुवर्षं यात्रेकरूंना खालून वर सोडायला जायचा. २००२ मध्ये तो गेला. कुकाईलाही डोंगर दाखवला तो एका शिकाऱ्याच्या दोन कुत्र्यांनी, अशी आख्यायिका असल्यामुळे गोनला इथे मोठा मान.

मंदिरामागच्या पायऱ्यांवरच १८० वा खांब लागतो. तिथून मौन सुरू करा.

पहिला तास-दीड तास सगळ्यात दमवणारा. वाट पर्सिमनच्या बागांमधून चढते, त्या दिवसांत झाडं केशरी फळांनी लगडलेली असतात आणि खाली किनोकावा नदीचं खोरं दिसतं. मग रोप्पोन-सुगी नावाचा फाटा येतो. सरळ गेलं तरी चालतं, पण मी उतरून आमानो गावातल्या निउत्सुहिमे देवस्थानाला जायला सांगेन. चालणं थोडं वाढतं. ही डोंगराची मूळ देवी. तिने जमीन दिली म्हणून कुकाईला मठ बांधता आला, अशी श्रद्धा. म्हणून बौद्ध यात्रेकरू आधी हिच्या पाया पडून वर जातात. पुढे जोड तोरणांपाशी, फुतात्सु तोरिईला, तुम्ही परत मुख्य वाटेला लागता.

त्यानंतरचा बराच पट्टा जवळजवळ सपाट आहे आणि मौनाची खरी मजा इथेच. एका ठिकाणी मात्र चक्क गोल्फच्या मैदानाला खेटून जावं लागतं. हजार वर्षांच्या वाटेला चिकटून हे कुणाला सुचलं असेल देव जाणे. मान वळवा आणि पुढे चला. ६० व्या खांबापाशी यातते येतं. इथे डांबरी रस्ता आहे आणि एक चहाचं दुकान; भाजलेले गोड मोची, म्हणजे चिकट तांदळाचे गोळे, मिळाले तर खा, पण दुकान उघडं असेलच असं धरून चालू नका. वेळ बघायची जागाही हीच. दुपारचे अडीच वाजून गेले असतील आणि पाय बोलत असतील, तर इथून गाडीची सोय बघणं शहाणपणाचं. शेवटच्या साडेसहा किलोमीटरला दोन-अडीच तास लागतात आणि अगदी शेवटी, दाइमोनच्या खाली, चढ पुन्हा उभा होतो.

एवढं सगळं चालायचं नसेल तर याततेपासूनच सुरुवात करता येते. कीई-होसोकावा स्टेशनवरून तासाभराच्या उभ्या चढाने तिथे पोचता येतं. गुडघ्यांची तक्रार असेल तर हेच करा, त्यात कमीपणा काही नाही.

वाटेतलं खाणं सोबत घ्या. दुकानातल्या ओनिगिरीत, म्हणजे भाताच्या गोळ्यांत, शाकाहारी दिसणाऱ्या प्रकारातही माशांचा अर्क असू शकतो. दशम्या किंवा ठेपले आणले असतील तर उत्तम. आमानोचं देवस्थान आणि यातते सोडलं तर पाणी मिळण्याची खात्री नाही.

दाइमोन हा पंचवीस मीटर उंचीचा लाल दरवाजा, सध्याचा १७०५ सालचा. इथे मौन सोडा, असं माझं स्पष्ट मत आहे. मुक्कामाच्या मंदिराला तिथे शुकुबो म्हणतात, आणि तिथे गेल्यावर भिक्षू तुम्हाला खोली, स्नानाची वेळ, जेवणाची वेळ, पहाटेच्या पूजेची जागा समजावून सांगतात. त्यांच्यासमोर मुक्याने हात हलवत बसलात तर तुमची साधना त्यांच्या गळ्यात पडते. ते यजमान आहेत आणि बहुतेकदा वीस-बावीस वर्षांची मुलं, सकाळपासून राबणारी.

मठाबद्दलच्या अपेक्षाही आधीच जरा खाली आणा. खोल्यांना कागदी सरकती दारं असतात, शेजारच्याचं घोरणं ऐकू येतं. बऱ्याच ठिकाणी वायफाय आहे आणि जेवणाबरोबर बिअरही मिळते. मुक्कामाचे दर, दोन जेवणांसकट, माणशी दहा हजार येनच्या बरेच वर जातात. हॉटेलचे दर लावून वर मठ म्हणवतात, अशी कुरकुर मी अनेकांकडून ऐकलीय आणि ती अगदीच खोटी नाही. पण हे पैसे त्या लाकडी इमारती टिकवतात, हेही खरं. कडक शिस्तच हवी असेल तर फुकुई भागातलं एइहेइजी हे झेन पीठ बघा, १२४४ सालचं. तिथे जेवणाच्या, स्नानाच्या आणि शौचाच्या जागी बोलणं वर्ज्यच आहे. तिथे मुक्काम करता येतो, फक्त अशी दिवसभराची वाट त्याला जोडलेली नाही.

पाचच्या आत पोचा. जेवण साडेपाच-सहाला येतं आणि उशीर झाला तर स्वयंपाकघर तुमच्यासाठी थांबत नाही. जेवण शोजिन र्‍योरी, म्हणजे मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. रश्शाला चव कोम्बू शेवाळाची आणि मशरूमची. चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या सासूबाईंना अख्ख्या जपानमध्ये इथेच निर्धास्त जेवता आलं. तीळ आणि कुद्झूच्या पिठाचं गोमा-दोफू जिभेवर विरघळतं. गोठवून सुकवलेलं कोया-दोफू मात्र रसात भिजवलेल्या स्पंजसारखं लागतं, ते सगळ्यांना आवडेलच असं नाही. युकाता, म्हणजे तिथला सुती झगा, घालताना डावी बाजू वर येऊ द्या. उजवी वर फक्त प्रेताला घालतात.

पहाटे सहा-साडेसहाला पूजा असते, मंत्रपठणाची. मांडी घालून बसलात तरी कुणी काही म्हणत नाही. काही मंदिरांत, उदाहरणार्थ एको-इनमध्ये, त्यानंतर गोमा होतो, म्हणजे आपला होमच, आणि संध्याकाळी अजिकान शिकवतात: समोर लिहिलेल्या ‘अ’ या सिद्धम् अक्षरावर ध्यान. विपश्यनेतून आलेल्यांना ते जरूर करून बघायला सांगेन, जागा आधी राखावी लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओकुनोइनला जा. दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना सुगीची उंच झाडं आणि दोन लाखांहून जास्त समाध्या आणि स्मारकं. शेवटी कुकाईची समाधी. तो ८३५ मध्ये गेला असं तिथे कुणी म्हणत नाही. तो ध्यानात आहे असंच मानतात आणि रोज सकाळी दोनदा, सहा आणि साडेदहाला, त्याच्यासाठी जेवण नेतात. आळंदीची संजीवन समाधी माहीत असलेल्याला यात नवल वाटत नाही. गोब्योबाशी पुलापासून पुढे फोटो काढायचे नाहीत, टोपी काढायची आणि शांतता पाळायची. इथे मौन पुन्हा धरा.

परतताना बसने केबल कारच्या स्टेशनला जा. त्या बसच्या रस्त्यावर चालत जायला बंदी आहे, नकाशात जवळ दिसतं म्हणून पायी निघू नका. नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा पानांच्या रंगांचा असतो आणि शनिवार-रविवारच्या खोल्या फार आधी भरतात, म्हणून सोमवार ते गुरुवारमधली रात्र धरा. रात्री तापमान शून्याजवळ उतरतं, तेव्हा खोलीत हीटर आहे का ते विचारा. जमिनीवर बसायला त्रास होत असेल तर तेही बुकिंग करतानाच लिहा. खुर्च्या असतात, पण सांगितल्याशिवाय कुणी मांडत नाही.